दुकानात गोड वाजणारा स्पीकर घरी का घुमतो?

दसरा-दिवाळी आली की बेळगावात खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत दुकानांच्या दारात स्पीकरचे खोके रचले जातात. साउंडबार, टॉवर स्पीकर आणि हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आलेले टर्नटेबलसुद्धा. दुकानात ऐकताना जीव खूश होतो. घरी आणून टीव्हीच्या शोकेसमध्ये बसवला की आठवड्याभरात कुरकुर सुरू होते. शब्द स्वच्छ येत नाहीत, डग्गा नुसता डबडबतो, आवाज जरा वाढवला की डोकं उठतं. मग दुकानदार म्हणतो अँप्लिफायर कमी पडतोय, भाचा म्हणतो वायर चांगली घ्या, आणि पुढच्या दिवाळीला आणखी महाग स्पीकर येतो. तोही तसाच वाजतो.

बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतोच. आपल्या कानावर जे पडतं त्यातला मोठा वाटा भिंती, छत आणि फरशीवर आपटून आलेला असतो. म्हणून माझं मत असं, की गाणं सुधारायचं असेल तर पहिला खर्च खोलीवर करावा. आणि गंमत म्हणजे त्यातलं पहिलं काम बिनखर्चाचं आहे. ते का, हे समजायला थोडं विज्ञान लागेल. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

"प्रतिध्वनीला तर १७.२ मीटर लागतात ना?"

मराठी शाळेत शिकलेल्यांना हे पाठ असतं. २२ अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, ऐकलेल्या आवाजाचा ठसा ०.१ सेकंद टिकतो, म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान १७.२ मीटरवर हवी. आपला हॉल तर जेमतेम पाच मीटरचा. मग घरात हा घोटाळा कुठून आला?

पुस्तक बरोबर आहे. घरात वेगळा असा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. पण वेगळा ऐकू येत नाही म्हणजे आवाज परतच येत नाही, असं नव्हे. फुटांत बोलायचं तर आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, एक फूट आणि वर थोडं. स्पीकर तुमच्यापासून आठ फुटांवर असेल आणि बाजूच्या भिंतीवरून फिरून येणारी वाट बारा फुटांची असेल, तर भिंतीवरचा आवाज साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं, की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत मागोमाग आलेला आवाज कान वेगळा धरत नाही. तो पहिल्यातच मिसळून टाकतो आणि दिशाही पहिल्याचीच मानतो.

मिसळला म्हणून निरुपद्रवी झाला, असं मात्र नाही. उशिरा आलेला आवाज काही सुरांवर मुळाशी जुळतो, ते सूर फुगतात. काही सुरांवर तो उलटा पडतो, ते सूर बारीक होतात. त्याच गायिकेचा गळा एका घरात मोकळा आणि दुसऱ्या घरात नाकातला वाटतो तो यामुळे.

आणि हे एकदाच आपटून थांबत नाही. आवाज समोरच्या भिंतीवर जातो, परततो, छताला लागतो, पुन्हा खाली येतो. मूळ आवाज बंद झाल्यावरही खोलीत जे रेंगाळत राहतं तो निनाद. तो ६० डेसिबलने खाली यायला, म्हणजे व्यवहारात विरून जायला, जितका वेळ लागतो त्याला निनादकाळ म्हणतात. हा शब्द पुढे लागेल.

कौलं गेली, स्लॅब आला

खानापूर, नंदगड, जांबोटीकडच्या जुन्या घरांत सोप्यात बसून धारवाड किंवा सांगली आकाशवाणी लावली, तर साध्या रेडिओवरही शब्द न् शब्द कळायचा. ही निव्वळ जुन्याची ओढ नाही, त्याला कारण आहे. वर उतरतं छप्पर, कौलांच्या फटींतून आवाज सरळ बाहेर. छपराच्या आतून वासे आणि रिपा, म्हणजे सपाट असं काही नाहीच. मातीच्या ओबडधोबड भिंती, दांडीवर वाकळा, कोपऱ्यात भाताची पोती, खाली घोंगडं. समोरासमोर दोन गुळगुळीत कठीण पाठी आवाजाला सापडतच नसत.

आता त्याच जागी स्लॅबचं घर आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स नाहीतर शहाबादी, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, वर पीओपी, पुढच्या बाजूला सरकती काच. पोर्चचे खांब ग्रॅनाइटचे. दिसायला झकास. आवाजाला मात्र जिरायला जागाच नाही. अशा रिकाम्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून बघा. टाळीच्या मागे एक बारीक टर्रर्र ऐकू येईल. तो आवाज दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये भराभर ये-जा करत असतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथेच फसतात. अमेरिकेतल्या व्हिडिओंमधली खोली लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेली असते. खालच्या सुरांनी त्या भिंती किंचित थरथरतात आणि तेवढा आवाज खाऊन टाकतात. आपल्याकडे नऊ इंची विटांची नाहीतर चिऱ्याची भिंत आणि डोक्यावर काँक्रीट. ती हलत नाही, म्हणून खालचा सूर जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. त्यांच्याकडे दोन इंची फोमने काम भागत असेलही. आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही.

हार्वर्डच्या खुर्च्यांवरच्या गाद्या

हा विषय मोजमापात आणला तो वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं बांधून झालं, पण त्यात व्याख्यानच कळेना. एक शब्द उच्चारला की तो सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात वक्त्याचं पुढचं अख्खं वाक्य येऊन जायचं. सॅबाइनने रात्री, रहदारी थंडावल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक करून मांडल्या आणि दर वेळी घड्याळ लावून निनाद मोजला. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर.

त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका निनादकाळ मोठा. आवाज जिरवणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लहान. जिरवण्याचं माप त्याने उघड्या खिडकीवर ठरवलं, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक गुण. हाच सॅबाइन पुढे १९०० साली उघडलेल्या बोस्टन सिंफनी हॉलचा सल्लागार होता, आणि ते सभागृह अजूनही जगातल्या उत्तम सभागृहांत धरतात.

आपल्या हॉलचा हिशेब

१६ बाय १२ चा हॉल, उंची १० फूट. आपल्या भागातल्या नव्या घरांत हे माप अगदी नेहमीचं. घनफळ १९२० घनफूट. फुटांतलं सूत्र असं: ०.०४९ गुणिले घनफळ, भागिले एकूण गुण. वरचा गुणाकार ९४ येतो. म्हणजे निनादकाळ हवा असेल तर ९४ ला खोलीच्या गुणांनी भागायचं, झालं.

भिंती, फरशी आणि छत मिळून ९४४ चौरस फूट होतात. टाइल्स आणि प्लास्टर मधल्या सुरांवर शंभरातले दोन-तीन भागच जिरवतात, म्हणून एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचे गुण पडतात फक्त २८. रिकाम्या हॉलचा निनादकाळ झाला सुमारे ३.४ सेकंद. लाकडी सोफा आणि त्याच्या गाद्या, दोन माणसं, पातळ पडदे हे सगळं धरून आणखी ३० गुण. तरी १.६ सेकंद. घरी गाणं ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास, शक्य तर थोडा कमीच, निनादकाळ बरा. त्यासाठी १९० गुण हवेत. आपल्याकडे आहेत ५८.

उरलेले कुठून आणायचे? काचेच्या भिंतीवर दहा बाय आठचा जाड, भरपूर चुण्यांचा पडदा लावला तर सुमारे ४० गुण. सहा बाय नऊचा जाड लोकरी गालिचा १६. भिंतीकडेला गादी घातलेला दिवाण २०. चार बाय दोनची आठ पॅनेलं, ज्यांच्याबद्दल पुढे सांगतो, ५८. बेरीज १९२, निनादकाळ ०.४९ सेकंद. घरात आपला नवलगुंदचा जमखाना असेल तर तो जरूर अंथरा, दिसायला सुंदरच आहे. पण तो पातळ असल्यामुळे फक्त वरचे सूर थोडे कमी होतील, गालिच्याचं काम त्याच्यावर सोपवू नका. चार बाय चारची खिडकी सताड उघडली तर फुकटात १६ गुण मिळतात, अर्थात रस्त्यावरच्या रिक्षाही आत येतात.

छोट्या खोलीत हे सूत्र अंदाजापुरतंच धरायचं. पण कुठे तोकडं पडतंय हे त्याने लगेच कळतं.

इथे कुणीतरी विचारतंच, की बोस्टनचं ते नामांकित सभागृह तर सुमारे १.९ सेकंद घुमतं, मग घरात घुमलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की रेकॉर्डिंगमध्ये सभागृहाचा किंवा स्टुडिओचा निनाद आधीच भरलेला असतो. त्यावर आपल्या हॉलचा निनाद चढला की दोन खोल्या एकावर एक बसतात. अभंगातला शब्द हरवतो तो तिथे.

काळी एकचा खर्ज आणि १६ फुटी हॉल

इथवर मधल्या आणि वरच्या सुरांचं झालं. खालच्या सुरांचं दुखणं निराळं आणि जास्त चिवट आहे.

परातीत काठोकाठ पाणी भरा आणि ती दोन्ही हातांत धरून चालून बघा. पावलं एका ठरावीक तालात पडली की पाणी हेलकावे घेत काठावरून सांडतं. थोडं हळू किंवा भरभर चाललात तर तेवढं सांडत नाही. तो ताल परातीच्या मापावर ठरलेला असतो. खोलीतल्या हवेचंही तसंच आहे. खोलीच्या मापाला जुळणारा सूर वाजला की ती हवा हेलकावते आणि तो एकच सूर फुगतो. याला रूम मोड म्हणतात.

कोणता सूर फुगेल हे काढायला ११३० ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. १६ फुटांसाठी ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं, येतं, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पटही: ७०.६, १०६. रुंदीच्या १२ फुटांसाठी ४७ आणि ९४. उंचीच्या १० फुटांसाठी ५६.५ आणि ११३.

आता तानपुरा घ्या. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. आपल्या हॉलचा ७०.६ तिच्या अगदी शेजारी. म्हणजे अशा हॉलमध्ये काळी एकची मैफल लावली की खर्ज गुर्रर्र करत सगळ्यावर चढतो, आणि पांढरी चारची बाई गायला लागली की तोच स्पीकर शहाण्यासारखा वागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पहिलं रेकॉर्डिंगच खराब होतं. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या तानपुऱ्यांबद्दल आपण इतकं भरभरून बोलतो. तो तानपुरा घरात कसा पोचतो, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे १० बाय १० ची, १० फूट उंच खोली. तिथे लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मिळून एकाच सुराला, ५६.५ हर्ट्झला, उचलून धरतात. गाण्यासाठी खोली निवडायची मुभा असेल तर चौरस खोली टाळा.

फुगवटा खोलीभर सारखा नसतो, हे आपलं नशीब. भिंतीला पाठ टेकून बसलात तर खालचे सगळे सूर भरमसाट येतात. १६ फुटांच्या बरोबर मध्यावर बसलात तर ३५ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो आणि ७०.६ फुगतो. समोरच्या भिंतीपासून १२ फुटांवर गेलात तर तो ७०.६ च गायब. फोनवरच्या टोन जनरेटर ॲपमधून ७० हर्ट्झचा सूर स्पीकरवर लावा आणि हॉलभर सावकाश चाला. चार पावलांत आवाज चढतो, पडतो, परत चढतो. हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की पुढचं काही पटवावं लागत नाही.

आधी फुकटचं

म्हणून पहिलं काम, खुर्ची हलवायची. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे १६ फुटी हॉलमध्ये भिंतीपासून सहा फूट पुढे, बसून बघा. तिथे कुठलाच सूर टोकाला नसतो. हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. तिथून फूटभर मागे-पुढे सरकत कानाला पटेल तिथे थांबायचं.

दुसरं, स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा. अनगोळमधल्या एका स्नेह्यांकडे स्पीकर काचेच्या दाराआड, मुलांच्या ट्रॉफ्या आणि गणपतीच्या मूर्तीच्या मधोमध बसवले होते. डग्गा वाजला की सगळ्यात आधी काच खणखणायची, मग ट्रॉफी. दोन भक्कम स्टुलांवर, भिंतीपासून अडीच फूट पुढे, ट्वीटर म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे ते ठेवले. तेवढ्यानेच डग्गा डबडबायचा थांबला आणि त्याची मींड ऐकू यायला लागली. काकूंना हॉलच्या मध्ये आलेली स्टुलं पसंत नव्हती. त्यावर तोड निघाली ती अशी, की गाणं ऐकायचं तेव्हा स्टुलं पुढे, एरवी भिंतीला.

दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर आखूड भिंतीकडे ठेवून आवाज खोलीच्या लांबीकडे सोडा. एक कोपऱ्यात आणि दुसरा दाराशेजारी असा प्रकार नको, दोन्हींच्या बाजूची जागा शक्य तितकी सारखी हवी. कोपरा तर मुळीच नको; तिथे सगळे मोड एकदम जागे होतात. मागच्या भिंतीचंही एक गणित आहे. भिंत अडीच फुटांवर असेल तर तिथून परतलेला आवाज ११३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. एखादा सूर खड्ड्यात गेल्यासारखा वाटला तर स्पीकर सहा इंच पुढे-मागे करून बघा, खड्डाही सरकतो.

आरसा घेऊन भिंतीपाशी

जागा ठरल्यावर तुम्ही खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी हातआरसा बाजूच्या भिंतीला टेकवून सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला, की भिंतीवरून पहिला आवाज नेमका तिथूनच तुमच्याकडे येतो. तिथे पॅनेल. दुसऱ्या भिंतीवर तसंच. जमिनीवरची तशीच जागा गालिच्याने झाका. छताचं जमलं तर उत्तम, पण भाड्याच्या घरात त्या फंदात पडू नका.

याबाबत जाणकारांत एकमत नाही. कॅनडातील ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या मते बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज ऐकणाऱ्यांना अनेकदा आवडतो, त्याने गाणं ऐसपैस वाटतं. मला स्वतःला नाट्यगीत, भजन, लावणी अशा शब्दप्रधान गाण्यांसाठी भिंत झाकलेली बरी वाटते आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी उघडी. पॅनेल खुंटीला अडकवलेलं असेल तर दोन्ही करून बघता येतं.

पॅनेल कुठून आणायचं

मुंबई-बंगळूरहून तयार पॅनेल मागवता येतात, पण गरज नाही. सुताराकडून चार फूट बाय दोन फूट, चार इंच खोल अशी चौकट करून घ्या. आत घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरा; मोठ्या इन्सुलेशनवाल्यांकडे मिळतं. ते हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि तंतू बाहेर पडू नयेत म्हणून आत पातळ अस्तर लावा. रॉकवूल नको असेल तर पिंजाऱ्याकडून चांगला पिंजलेला कापूस. दाबून दगडासारखा करू नका. हवा आत शिरली पाहिजे, कारण तंतूंमधून वाट काढताना होणाऱ्या घर्षणातच आवाज जिरतो.

वरच्या कापडाची परीक्षा सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारा. आरपार गेली तर कापड चालेल. शहापूर-वडगावच्या मागावरचं विरळ विणीचं सुती कापड झकास. रेक्झिन किंवा प्लास्टिकची झूल नको, वरचे सूर त्यावरूनच परत फिरतात. आणि पॅनेल भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून लावा, म्हणजे तेवढ्याच मालात ते थोड्या खालच्या सुरांपर्यंत काम करतं.

जाडीवर एवढा भर का, तर लांबीमुळे. १००० हर्ट्झची लाट फूटभर लांब असते, १०० हर्ट्झची ११ फूट. फूटभर लाटेला दोन-चार इंच जाडी झेपते. ११ फुटी लाटेला इंचभर फोम जाणवतही नाही. खालच्या सुरांसाठी सगळा माल कोपऱ्यात आणि जेवढा जाड जमेल तेवढा जाड घालायचा. आपल्या घरांत पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्या असतातच. त्या गुंडाळून कोपऱ्यात एकावर एक छतापर्यंत उभ्या करा आणि वरून चादर ओढा. शोभा फार नाही, गुण मात्र आहे.

"अंड्यांचे ट्रे लावले तर?"

हा प्रश्न हमखास येतो. अंड्यांचे ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरचे काही सूर इकडेतिकडे करतो, बाकी काही नाही, आणि आग पटकन धरतो. थर्माकोलमध्ये हवा बंद कप्प्यांत अडकलेली असते, त्यामुळे आवाज आत शिरतच नाही. पातळ फोमने अख्खी भिंत मढवणं तर सगळ्यात फसवं. वरचे सूर मरतात, खालचे तसेच फुगलेले राहतात, आणि गाणं घोंगडीआडून आल्यासारखं होतं. भरलेलं पुस्तकांचं कपाट या सगळ्यापेक्षा बरं. पुस्तकं पुढे-मागे उभी असतील तर आवाज विखुरतोही.

"मग शेजाऱ्यांचा त्रास थांबेल?"

नाही. आवाज खोलीत जिरवणं आणि खोलीबाहेर जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजनदार भिंत, दोन भिंतींमध्ये पोकळी आणि दार-खिडकीच्या फटी बंद करणं लागतं. पॅनेलमधून आवाज आरपार जातोच. वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्याची खडखड पॅनेलने थांबणार नाही. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली तर थोडी कमी होईल. आडून एक फायदा मात्र होतो. शब्द स्वच्छ यायला लागले की आवाज चढवायची गरज उरत नाही, आणि कमी आवाजात ऐकलं की शेजारीही निवांत.

"ॲपमधला इक्वलायझर हे सगळं करत नाही का?"

काही अंशी करतो. ७० हर्ट्झला फुगवटा असेल तर तेवढाच सूर खाली घेता येतो आणि त्याचा उपयोग होतो. पण खड्डा भरता येत नाही. जिथे दोन लाटा एकमेकींना खातात तिथे तो सूर दुप्पट जोरात सोडला तर दोन्ही लाटा दुप्पट होतात, पुन्हा एकमेकींना खातात, आणि भार पडतो तो अँप्लिफायरवर. निनादाला तर इक्वलायझर हातच लावू शकत नाही. मोजायची हौस असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपला जोडायचा मोजणीचा माइक घ्या. फोनच्या माइकवर खालच्या सुरांसाठी फार विसंबू नका.

किती केलं म्हणजे पुरे

निनाद शून्यावर आणायचा नाही. विजयपूरला गोलघुमटात, १६५६ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत, घुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं आणि एक टाळी अनेकदा परत येते. ते एक टोक. दुसरं टोक म्हणजे कपड्यांनी गच्च भरलेली अडगळीची खोली, जिथे आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. हॉल या दोहोंच्या मध्ये हवा. पॅनेल दोन-दोन करून वाढवा, दर वेळी तेच ओळखीचं गाणं लावा आणि खोलीत उभं राहून मोठ्याने दोन वाक्यं बोला. बोलणं स्वच्छ आणि तरी मोकळं वाटलं की थांबा. खालचा फुगवटा तेव्हाही शिल्लक असेल तर भिंतींवर आणखी काही लावू नका, जे काही घालायचं ते कोपऱ्यात घाला.

राहता राहिला पाऊस. आपल्याकडे, त्यातून खानापूर भागात, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. कापसाची पॅनेलं तेवढे दिवस भिंतीपासून चांगली सुटी ठेवा, बुरशी दिसते का बघत राहा, आणि पाऊस सरला की गच्चीवर नेऊन दोन दिवस कडक ऊन दाखवा. म्हणूनच ती ठोकायची नाहीत, खुंटीला अडकवायची. आणि देव्हारा हॉलमध्येच असेल तर समई-उदबत्तीच्या बाजूची भिंत मोकळी सोडा.